हॅदरली हेरन्सचा देदीप्यमान इतिहास

हॅदरली हेरन्स हा व्यावसायिक आइस हॉकी संघ वर्षानुवर्षं हरत होता आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. बर्मिंगहॅमच्या बाहेर, बस जिथे वळून परत जाते, तिथे हॅदरली नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, दर शनिवारी संध्याकाळी हेरन्स खेळत, पाहुणा संघ जिंके, आणि दोन्हीकडचे लोक चिप्स खाऊन आनंदाने घरी जात. व्यवस्था सुरळीत चालली होती. २००४ साली कौन्सिलने तिच्यात सुधारणा करायचं ठरवलं.

या संघाचा एकमेव नियमित प्रेक्षक म्हणजे कमलाकर पोंक्षे. सत्तरच्या दशकात ते सांगलीहून इथल्या मोटार कारखान्यात इंजिनियर म्हणून आले. पहिल्याच हिवाळ्यात बसची समजून ते एका रांगेत उभे राहिले. रांग बसची नव्हती हे खिडकीशी पोचल्यावर कळलं. पण इंग्लंडात रांग सोडून जाणं म्हणजे असभ्यपणा, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, म्हणून त्यांनी निमूटपणे तिकीट काढलं आणि आत गेले. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. डझनभर धिप्पाड माणसं पायाला सुऱ्या बांधून एका काळ्या चकतीमागे सुसाट धावत होती. चकती दिसेदिसेपर्यंत दुसरीकडे गेलेली असे. मध्येच दोघे भांडले, तर पंचांनी त्यातल्या एकाला नेऊन चक्क एका खोक्यात बसवलं. कमलाकररावांना आपल्या कारखान्यातले दोन-तीन साहेब आठवले आणि त्यांचं मन या खेळावर जडलं ते जडलंच.

"अहो, एवढ्या गारठ्यात हरणंच बघायचं असेल, तर घरी बसा की," यमुनाबाई म्हणत. "मी हरवते तुम्हाला पत्त्यांत." पण कमलाकरराव मफलर गुंडाळून, थर्मास घेऊन निघतच. हेरन म्हणजे बगळा, म्हणून संघाला ते 'आपले बगळे' म्हणत.

या बगळ्यांपैकी बहुतेक जण कॅनडातून उडत आलेले. परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला लीगची मर्यादा होती, पण ज्याची आजी ब्रिटिश तो घरचाच धरला जाई. त्यामुळे हेरन्सच्या प्रत्येक कॅनेडियनला स्कॉटलंडात एक आजी होती. कॅप्टन डगची आजी ॲबरडीनची. ॲबरडीन हे गाव आहे की आजीचं आडनाव, याबद्दल डगची खात्री नव्हती. खुद्द हॅदरलीत जन्मलेला खेळाडू एकच, गोलकीपर यतीन देवस्थळी. "आपल्या देशात परत जा!" असं पाहुणे प्रेक्षक दर शनिवारी त्यालाच ओरडून सांगत, आणि मॅच संपल्यावर तो खरोखरच जाई, दोन गल्ल्या सोडून.

तर कौन्सिलने असा ठराव केला की, सदर रिंकची इमारत कार पार्कच्या नैसर्गिक वाढीस अडथळा आणत असल्याने ती पाडण्यास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे. मात्र सदर संघास वारसामूल्य असल्याचे सिद्ध झाल्यास फेरविचार करता येईल.

क्लबचे मालक ट्रेव्हर हे गालिच्यांचे व्यापारी. वारसा म्हणजे काय हे त्यांना नेमकं ठाऊक नव्हतं, पण तो भाड्याने मिळतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी लंडनहून हेरिटेज कन्सल्टंट मागवली. ती आली आणि मराठी निघाली. निवेदिता मूळची पुण्याची, राहायला स्टॅनमोरला.

"या टीमची हिस्टरी कोणाला माहीत आहे?" तिने ड्रेसिंग रूममध्ये विचारलं. सगळ्या खेळाडूंनी एकाच वेळी काचेतून बाहेर बोट दाखवलं. रिकाम्या स्टँडमध्ये कमलाकरराव थर्मासमधून चहा ओतत होते.

"काका, अगदी सुरुवातीपासून सांगा," निवेदिता त्यांच्या शेजारी बसत म्हणाली.

कमलाकररावांना असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांना भरून आलं. जुन्या लोकांकडून ऐकलेलं सगळं ते सांगू लागले. युद्ध संपल्यावर काही कॅनेडियन सैनिकांचं परतीचं जहाज चुकलं, पुढचं येईपर्यंत करायचं काय, म्हणून त्यांनी हा संघ काढला. पुढचं जहाज आलं तेव्हा ते मॅच हरत होते, म्हणून तेही चुकलं. मग डेनिस पॉवर्स नावाचा एक पोस्टमन आला. क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल त्याचे. त्यातले बरेचसे त्याने आपल्याच जाळीत मारले, कारण त्याला चष्मा होता आणि खेळताना तो काढून ठेवी. आणि १९५८ साली संघ चक्क फायनलला गेला. म्हणजे जायला निघाला. बस वाटेत बंद पडली.

"म्हणजे फायनलमध्ये आपण हरलो नाही," निवेदिता म्हणाली.

"खेळलोच नाही, बाई."

"फायनलमध्ये अपराजित," तिने लिहून घेतलं. "आणि पॉवर्सचे गोल किती सांगितलेत?"

"अगं, पण त्यातले निम्मे—"

"काका, गोल ते गोल. दिशा हा इंटरप्रिटेशनचा भाग झाला."

पुस्तिका छापून आली तेव्हा कमलाकरराव ती वाचून चाट पडले. एवढ्या थोर संघाच्या मॅचेस आपण फुकट घालवल्या, चहा पीत बसलो, असं त्यांना वाटू लागलं. तिच्यात पराभव हा शब्दच नव्हता. 'पाहुण्यांप्रति असलेली उदारतेची परंपरा' असा एक धडा मात्र होता. कौन्सिलने संघ वारसा म्हणून जाहीर केला आणि रिंक वाचली. यतीनने कमलाकररावांना मिठी मारली. तो पूर्ण जामानिम्यात असल्यामुळे एखादी सोफ्याची जोडी अंगावर आल्यासारखं झालं.

"काका, तुमच्यामुळे माझा नोकरी वाचला!"

"वाचली रे. नोकरी ती असते."

"येस, ती पण वाचला!"

बातमी पसरली तसे महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष शशिधर खानोलकर जागे झाले. 'बर्फावर दांडकी घेऊन मारामाऱ्या करणारे लोक' असं या संघाविषयी त्यांचं मत होतं, आणि यतीन गोलकीपर झाला तेव्हा 'देवस्थळींच्या मुलाचं काही खरं नाही' असंही तेच म्हणाले होते. आता त्यांनी यतीनचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला आणि भाषणात नवं संशोधन मांडलं. डेनिस पॉवर्स हा मुळात पोवार. पोवारचं पॉवर झालं, आणि इंग्रजांनी आदरार्थी अनेकवचन लावून पॉवर्स केलं.

"अहो, त्याचे केस तांबडे होते," कमलाकरराव म्हणाले.

"मेंदी," शशिधरराव म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. पण वारसा म्हटला की त्याचं जतन आलं, आणि जतन म्हटलं की कौन्सिलचा विभाग आला. त्या विभागाने पहिल्याच पाहणीत असा निष्कर्ष काढला की, रिंकमधील दोन्ही गोलजाळ्या ऐतिहासिक असून त्यांच्यावर कोणत्याही स्वरूपाचा आघात होता कामा नये.

त्या शनिवारी स्टोनफोर्ड स्टॅग्ज हा संघ खेळायला आला होता. त्यांच्या कॅप्टनने सूचना वाचली आणि कौन्सिलच्या अधिकाऱ्याला विचारलं, "मग गोल कसा करायचा?"

"गोल करण्यास मनाई नाही," अधिकारी म्हणाला. "फक्त तो जाळीत जाऊ देऊ नका."

मॅच झाली. दोन्ही संघांनी जीव तोडून जाळीच्या शेजारी मारलं. यतीनचा तर आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस; तो जाळीला टेकून उभा राहिला आणि त्याने केळं खाल्लं. निकाल शून्य-शून्य. जादा वेळ झाला, पेनल्टी झाल्या, तरी शून्य-शून्य. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हेरन्स हरले नव्हते. डगने हेल्मेट हवेत फेकलं, ते परत आलं तेव्हा ते विभागाने ताब्यात घेतलं. फेकण्याच्या क्षणी ते ऐतिहासिक झालं होतं.

लीगला हा प्रकार मानवला नाही. पुढच्या आठवड्यापासून नव्या जाळ्या लावाव्या लागल्या आणि हेरन्स पूर्ववत हरू लागले. पण आता हरणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नव्हतं. गावाला इतिहास मिळाला होता. लोक पुस्तिका वाचून मॅचला येत आणि चिडत. 'हीच का ती पॉवर्सची परंपरा?' असे फलक दिसू लागले. शेवटी कौन्सिलने चौकशी समिती नेमली, आणि तिने निर्णय दिला की, विद्यमान संघाची कामगिरी संघाच्या इतिहासाशी विसंगत असून, इतिहासात बदल करणे शक्य नसल्याने विद्यमान संघाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.

"म्हणजे काय?" कमलाकररावांनी निवेदिताला विचारलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. कोणालाही काढणार नाहीयेत. फक्त खेळायचं थांबवणार. रिंकचं म्यूझियम होतंय. प्लेअर्स राहतील, लाइव्ह एक्झिबिट्स म्हणून."

आणि तसंच झालं. डगला काचेच्या कपाटात उभं करण्यात आलं. खाली पाटी : 'हेरन्स खेळाडू, स्थानिक'. यतीनला १९५८चा गोलकीपर म्हणून नेमलं, पण तो ऐतिहासिकदृष्ट्या पटत नाही अशी एका पर्यटकाने तक्रार केल्यावर त्याला कोटरूम सांभाळायला दिली. जुन्या फोटोंना दमट हवा चालत नाही, म्हणून बर्फ वितळवला. वितळल्यावर जमीन उघडी पडली, ती बरी दिसेना, म्हणून ट्रेव्हरनी आपल्या दुकानातला पांढरा गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरला. त्यावर बूट घालून चालायला बंदी होती. शाळांच्या सहली मोजे घालून येऊ लागल्या. थेट लंडनच्या वेम्बलीहून बसेस येऊ लागल्या. ज्या स्टँडमध्ये कमलाकररावांनी एकट्याने डबे खाल्ले होते, तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही.

ते मात्र सवयीने शनिवारी जात. एकदा गेले तर त्यांच्या जागेला लाल दोरी लावलेली. खुर्चीवर पितळी पाटी : 'येथे श्री. पोंक्षे बसत असत'.

"मी बसतो अजून," ते रखवालदाराला म्हणाले.

रखवालदाराने पाटी पुन्हा नीट वाचली. "सॉरी सर. बसत असत, असं लिहिलंय."

कमलाकरराव दोरीच्या बाहेर उभे राहून आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. तिथे एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "बघ, ही माणसं किती निष्ठावान होती. आता नाही राहिले तसे लोक." कमलाकररावांनी मान डोलावली. मग ते घरी आले. यमुनाबाईंनी पत्ते काढले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला मुद्दाम जिंकू दिलं. ते कमलाकररावांच्या लक्षात आलं आणि त्यांना जास्तच वाईट वाटलं.

२००९च्या जानेवारीत मिडलंड्समध्ये, म्हणजे बर्मिंगहॅमच्या सगळ्या परिसरात, थंडीची लाट आली. काचेच्या कपाटात उभ्या डगचं लक्ष खिडकीबाहेरच्या हिमकणांकडे गेलं आणि त्याच्यातला कॅनेडियन खडबडून जागा झाला. तो कपाटाचं दार उघडून, पर्यटकांच्या किंकाळ्यांमधून सरळ बाहेर गेला आणि पोंक्ष्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"मिस्टर पोंक्षे, तुमच्याकडे बागेचा पाइप आहे?"

बंद पडलेल्या शाळेमागे एक टेनिस कोर्ट होतं. लहानपणी डगचे वडील परसात पाणी मारून रिंक बनवत, तसं त्याने दिवसभर पाणी मारलं. थोडं गोठू द्यायचं, परत मारायचं. कमलाकरराव पाइपचा गुंता सोडवत होते. कॅनेडियन एकेक करून म्यूझियममधून सटकून आले. यतीन कोटरूमचं दार उघडंच टाकून आला. चार दिवसांनी कोर्ट आरशासारखं झालं. बर्फाखाली टेनिसच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

"काका, खेळायचं, पण कोणाच्या अगेन्स्ट?" यतीनने विचारलं.

डगने स्टोनफोर्डच्या कॅप्टनला फोन लावला. पलीकडचा माणूस जवळजवळ रडलाच. हेरन्स बंद पडल्यापासून लीगमध्ये स्टॅग्ज शेवटचे आले होते. "तुम्ही गेल्यापासून आम्ही ज्यांना हरवावं असं कोणी उरलेलंच नाही," तो म्हणाला. "शनिवारी येतो."

कमलाकररावांना पंख फुटले. ते गावभर फिरले. सगळ्यांना सांगितलं, बगळे खेळणार आहेत, खरे खरे, खऱ्या बर्फावर! शशिधररावांकडे गेले, तर ते फेटा बांधून बघत होते.

"शनिवारी? कमलाकरराव, शनिवारी म्यूझियममध्ये 'हेरन्स गौरव दिन'. हेरन्ससाठी वेळ कुठून काढणार?"

"पण हेरन्स तर टेनिस कोर्टवर असणार!"

"त्यांना म्हणावं, मॅच लवकर संपली तर या. उभं राहायला जागा करू."

शनिवारी दुपारी कमलाकरराव मफलर गुंडाळून निघाले, तर यमुनाबाई दारात कोट घालून उभ्या.

"तू कुठे?"

"तुम्हाला एकट्याला कसं सोडू? टाळ्या वाजवायला दोघं तरी हवीत."

प्रेक्षक तेवढेच, दोघं. यमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ पाहिला. सुरुवातीला त्या "अगं बाई, पडेल तो!" एवढंच म्हणत होत्या. मग स्टॅग्जच्या एका दांडगटाने यतीनला ढुशी दिली, आणि त्या खुर्चीवरून ताडकन उठल्या. "ए मेल्या! आईने काही शिकवलंय का नाही?" दांडगट दचकला, आणि जवळ खोकं नसल्याने स्वतःहून कचऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन उभा राहिला.

खेळ असा रंगला की काही विचारू नका. कुणाला इतिहास नव्हता, कुणाला पाटी नव्हती. चकती कुंपणावरून पलीकडच्या बागेत जाई आणि डग तिच्यामागे स्केट्ससकट उडी मारी. यतीनने छातीने अडवलं, गुडघ्याने अडवलं, एकदा तर नुसतं ओरडून अडवलं. शेवटच्या मिनिटाला गोल बरोबरीत होते. डग सुटला, दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या पायातून चकती काढली आणि जाळीत मारली. शेजारी नाही, जाळीत!

हेरन्स जिंकले.

कमलाकरराव नुसते उभे राहिले. हरल्यावर टाळ्या कशा वाजवायच्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिंकल्यावर काय करतात, याचा त्यांना कधी सरावच झाला नव्हता. यमुनाबाईंनी त्यांचा हात धरला आणि ते दोघं टेनिस कोर्टच्या कडेला चक्क नाचले. स्टॅग्जसुद्धा नाचले. हरण्याचा कंटाळा आलेल्या त्या लोकांना ही हार मात्र फार आवडली.

"काका, आपण जिंकली!" यतीन बर्फावर उताणा पडून ओरडत होता.

"जिंकलो रे," कमलाकरराव म्हणाले, आणि मग म्हणाले, "जाऊ दे. जिंकलीच."

रविवारी पाऊस पडला आणि कोर्टवर पुन्हा नुसतं पाणी झालं.

सोमवारी निवेदिताचा फोन आला. "काका, काय ऐकतेय मी! अनबिलीव्हेबल! आणि बर्फ वितळला ना? म्हणजे ही मॅच आता ऑफिशियली भूतकाळात आली. परफेक्ट आहे!"

महिनाभरात म्यूझियममध्ये 'तो अमर सामना' नावाचं दालन उघडलं. उद्घाटनाच्या भाषणात शशिधररावांनी आठवणी जागवल्या. "काय ती गर्दी! आम्ही मागे उभे होतो, मला तर टाचा उंच करून बघावं लागलं." ट्रेव्हरनी सांगितलं, ते कुंपणावर बसले होते. कौन्सिलचा अधिकारी म्हणाला, तो झाडावर होता. शाळेमागे झाड नव्हतं, तेव्हा कौन्सिलने ते लावलं. प्रत्यक्षदर्शींची नावं कोरण्यासाठी एक भिंत उभारण्यात आली. ती पंधरवड्यात भरली, म्हणून दुसरी उभारली.

या सगळ्यात संघ मात्र परत जमला होता. स्टोनफोर्डने आपली रिंक एका शनिवारसाठी उसनी दिली. कमलाकरराव दुसऱ्या भिंतीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "अहो, या शनिवारी खेळतायत. स्टोनफोर्डला. बसने अर्धा तास. जागा भरपूर आहे."

लोक आदराने ऐकून घेत. "अरे वा," म्हणत. "झाली की नक्की सांगा हं." आणि पुन्हा भिंतीवर आपलं नाव शोधायला लागत.

आता दुसरी भिंतही भरत आली आहे. तेव्हा ही हकीकत वाचून, 'आपणही त्या दिवशी टेनिस कोर्टच्या कडेला असतो तर नक्की नाचलो असतो,' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांनी गैरसोयीची चिंता करू नये. कौन्सिलने खास आपल्यासाठी तिसरी भिंत बांधायला घेतली आहे. शनिवारी स्टोनफोर्डला जाण्याची मुळीच आवश्यकता नाही.